राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील कामगार कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आज मी आपणांपुढे जो विषय मांडणार आहे, तो टाळ्या मिळविण्याचा नाही. ज्या घरातून पहिल्यानेच कोणी कारखान्याच्या हजेरीपटावर चढला, त्या घराने ती हजेरी बंद झाली असता काय करावे, एवढाच माझा विषय आहे. माळेगाव, सोमेश्वर व भवानीनगर येथील साखर कारखाने, वालचंदनगरची यंत्रशाळा, बारामतीची औद्योगिक वसाहत, या ठिकाणी आपली माणसे काम करतात. त्यांच्या पगारावर वाण्याची वही चालते, मुलांची फी भरली जाते आणि म्हातारीचे औषध येते. तो पगार एका सकाळी थांबतो. कारखान्याला मंदी येते हे खोटे नाही. नवे यंत्र येते आणि दहा माणसांचे काम दोघांवर भागते, हेही खोटे नाही. मालकास माणसे कमी करण्याचा अधिकारच नाही असे मी म्हणणार नाही, कारण कायदाही तसे म्हणत नाही. परंतु तो अधिकार कसा वापरावा यास कायद्याने काही मर्यादा घातल्या आहेत, आणि त्या मर्यादा आपणांस ठाऊक नसतील तर त्या असून नसल्यासारख्याच होत.

कपात प्रत्यक्षात कशी होते ते पाहा. "आम्ही तुम्हांस कमी करीत आहोत" असे लिहून देणारा मालक विरळा. कामगारास कचेरीत बोलावतात. टेबलावर दोन कागद असतात, एक धनादेश आणि दुसरा आधीच टंकलिखित केलेला राजीनामा. "कंपनीची स्थिती तुम्ही पाहताच आहात. आज सही केलीत तर एक लाख मिळतील, उद्या तेही मिळणार नाहीत." माणूस गांगरतो. एवढी रक्कम त्याने एकरकमी कधी पाहिलेली नसते. तो सही करतो आणि साहेबांचे आभार मानून बाहेर पडतो.

त्या एका सहीने काय जाते, त्याचा हिशेब मांडू. समजा, कामगाराचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून महिना १८,००० रुपये आहेत आणि सलग सेवा ११ वर्षे ७ महिने झाली आहे. वरचे महिने सहांहून अधिक असल्यामुळे ही सेवा १२ वर्षे धरली जाते. मालकाने त्यास रीतसर कमी केले तर एक महिन्याची लेखी नोटीस, तीत कारण नमूद करून, द्यावी लागते. न दिल्यास महिन्याचा पगार, म्हणजे १८,०००. सेवेच्या प्रत्येक वर्षास १५ दिवसांच्या सरासरी पगाराप्रमाणे नुकसानभरपाई, म्हणजे ९,००० गुणिले १२, बरोबर १,०८,०००. ग्रॅच्युइटीचा हिशेब निराळा असतो. तेथे महिन्याचे दिवस २६ धरतात, म्हणून १८,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १२, असे १,२४,६१५ रुपये होतात. शिवाय नव्या संहितेप्रमाणे पुनःकौशल्य निधीत मालकाने शेवटच्या वेतनाने १५ दिवसांची रक्कम भरावयाची आणि ती कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हावयाची. ती सुमारे ९,०००. सर्व मिळून अडीच लाखांच्या वर रक्कम जाते. प्रॉव्हिडंट फंड, शिल्लक रजेचा पगार व बोनस यांत धरलेलेच नाहीत.

आता टेबलावरच्या त्या एक लाखाकडे पुन्हा पाहा. पाच वर्षे सेवा झालेल्या माणसास ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी मिळतेच. ती एकटीच १,२४,६१५ आहे. म्हणजे साहेबांनी उदारपणे पुढे केलेला लाख रुपया हा कामगाराच्या स्वतःच्या पैशाहूनही कमी! म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा की, "या रकमेत माझी ग्रॅच्युइटी धरली आहे की ती वेगळी आहे?" उत्तर लेखी मागावे. राजीनामा दिल्याने नोटिशीचा पगार, भरपाई व निधी जातात. शिवाय एक वर्षाच्या आत मालकाने पुन्हा भरती केली तर कमी केलेल्यांस आधी बोलावले पाहिजे हा हक्क जातो, आणि ही कपात बेकायदेशीर आहे असे म्हणण्याची वाटही जवळजवळ बंद होते. राजीनाम्याचा अर्थ असा की, मला कोणी काढले नाही, मीच गेलो. कधी स्वेच्छानिवृत्तीची रक्कम कायदेशीर देण्याहून खरोखरीच मोठी असते. तेथे ती घेण्यात काही कमीपणा नाही. पण मोठी आहे की नाही, हे घरी बसून, कागदावर बेरीज करून ठरवावयाचे असते. सहीसाठी चार दिवस मागणे हा अपराध नव्हे.

ही भरपाई कोणाच्या दयेतून आलेली नाही. तिच्यामागे एक हकीकत आहे आणि ती आपल्या शेजारची आहे. इंदापूरच्या पुढे भीमा ओलांडली की सोलापूर जिल्ह्यात कुर्डुवाडी लागते. तेथून अडीच फुटी रुळांवर बार्शी लाइट रेल्वे लातूर, पंढरपूर व मिरजेपर्यंत जात असे. ती खाजगी कंपनीची होती. १ जानेवारी १९५४ पासून सरकारने ती आपल्याकडे घेण्याचे ठरविले. त्यापूर्वी काही आठवडे, २४ ऑक्टोबर १९५३ च्या वटहुकुमाने, औद्योगिक विवाद कायद्यात कपातीच्या भरपाईचे कलम आले होते. कंपनीने ११ नोव्हेंबर १९५३ रोजी आपल्या नोकरांस नोटिसा दिल्या की ३१ डिसेंबरला तुमची नोकरी संपेल. बहुतेकांस सरकारी रेल्वेने सामावून घेतले, परंतु कंपनीकडे घालविलेल्या वर्षांचे काय? कामगारांनी दर वर्षास १५ दिवसांप्रमाणे भरपाई मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. तेथे २७ नोव्हेंबर १९५६ रोजी निकाल असा लागला की, चालू धंद्यातील जादा माणसे कमी करणे म्हणजे कपात. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला तर ती कपात नव्हे, म्हणून भरपाईही नाही.

ती तारीख आपणांपैकी प्रत्येकाच्या मनात काही आठवणी जागवील. १४ ऑक्टोबरच्या नागपूरच्या दीक्षेस तेव्हा सहा आठवडे झाले होते आणि ६ डिसेंबर नऊ दिवसांवर होता. त्या धामधुमीत कुर्डुवाडीच्या कामगारांचा हा पराभव कोणाच्या ध्यानात राहिला असेल? परंतु देशभरच्या कामगारांत त्याचा परिणाम झाला. १९५७ साली आधी वटहुकूम व मग कायदा होऊन, धंदा बंद झाला किंवा हस्तांतरित झाला तरी भरपाई द्यावी अशी तरतूद झाली. ती २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून, लागू धरण्यात आली. बार्शी रेल्वेचे कामगार त्या तारखेच्या अलीकडचे; त्यांच्या पदरात या कायद्याने काही पडले नाही. आज एखादी कंपनी कुलूप लावून जाते आणि तिच्या कामगारास दर वर्षाचे १५ दिवस मागता येतात, ते या हरलेल्या माणसांच्या खटल्यामुळे. पुढे १९९० साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ठरविले की, शिक्षा म्हणून नव्हे अशी, कोणत्याही कारणाने मालकाने केलेली सेवासमाप्ती ही कपातच होय. कायद्यात जे अपवाद लिहिले आहेत तेवढेच अपवाद.

१९४७ चा तो कायदा आता राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आहे. नोटीस, १५ दिवसांची भरपाई, शेवटी आलेला आधी जाईल हा क्रम, पुन्हा भरतीत अग्रहक्क, हे सर्व तिच्यात आहे. काही गोष्टी मात्र आपल्याविरुद्ध गेल्या आहेत, त्या लपविण्यात अर्थ नाही. कपातीपूर्वी शासनाची परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्यास होते, ते आता तीनशेच्या कारखान्यास आहे. संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस आता सर्वच आस्थापनांत द्यावी लागते. नोकरीवरून काढल्याबद्दल दाद मागण्याची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे.

आता कागदांविषयी बोलतो. यावर मी अधिक वेळ घेणार आहे, कारण आपली माणसे हरतात ती येथे.

भरपाई मागावयाची तर कपातीच्या दिवसापासून मागे मोजता बारा महिन्यांत २४० दिवस काम झालेले असावे लागते. पगारी रविवार व पगारी सुट्ट्या या मोजणीत धराव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितले आहे. परंतु २४० दिवस भरले हे सिद्ध कोणी करावयाचे? २००२ साली त्याच न्यायालयाने सांगितले की ते कामगाराने करावयाचे, आणि केवळ "मी काम केले" असे प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही. हजेरीपट मालकाच्या कपाटात आणि सिद्ध करण्याचे ओझे कामगाराच्या डोक्यावर! मला हे न्याय्य वाटत नाही. पण आहे हे असे आहे.

याचे जिवंत उदाहरण इंदापूर तालुक्यातच आहे. वालचंदनगर व रत्नपुरी येथील मळे साखर कंपनीचे होते. त्यांपैकी पुष्कळ जमीन शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेली. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कारखान्यांच्या जमिनी शासनाकडे आल्या आणि त्या कसण्यासाठी १९६३ साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. मळ्यांच्या चाळींतून भूमिहीनांच्या दोन-तीन पिढ्या राबल्या. पुढे महामंडळाने स्वतःची लागवड आटोपती घेतली व कामगारांची संख्या घटत गेली. खंडकऱ्यांनी आपल्या जमिनी परत मागितल्या, दीर्घ लढा दिला आणि त्या परत देण्याचा निर्णय मिळविला. त्यांचा हक्क रास्त होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु एक गोष्ट पाहा. खंडकऱ्याच्या हाती सातबाऱ्याचा उतारा होता. ज्याने त्याच जमिनीत तीस वर्षे उसाला पाणी दिले, त्याच्या हाती काय होते? कोणा हजेरीमास्तराच्या वहीत एक नाव, तेही कधी चुकीचे लिहिलेले. थकलेल्या देण्यासाठी आणि राहण्यापुरत्या दोन गुंठे जागेसाठी शेती महामंडळाच्या कामगारांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले ते यामुळे.

म्हणून नेमणुकीचे पत्र, पगाराची प्रत्येक चिठ्ठी, ओळखपत्र, प्रॉव्हिडंट फंडाचा व राज्य विमा योजनेचा क्रमांक, बँकेचे पासबुक, पाळीच्या यादीचे छायाचित्र, हे सर्व एका पेटीत ठेवा. ती पेटी घरातील शिकलेल्या मुलीच्या ताब्यात द्या. ती बापापेक्षा जास्त काळजी घेते, असा माझा अनुभव आहे.

ठेकेदाराकडील कामगारांस वाटते की आपल्याला कसलाच हक्क नाही. तसे नाही. ठेकेदाराने पगार बुडविला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. तसेच "बदली" किंवा "तात्पुरता" म्हणून वर्षानुवर्षे ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, असे संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत लिहिले आहे. ठराविक मुदतीच्या करारावर असलेल्यास एक वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटी मिळते. मात्र मुदत संपणे ही कपात धरली जात नाही. साखर कारखान्यातील हंगामी कामगारांनी हे लक्षात घ्यावे की, गाळप संपल्यावर काम थांबते ती कपात नव्हे. पंजाबातील एका सहकारी कारखान्याच्या प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने तसे ठरविले. परंतु त्याच निकालात अशा कामगारांची नोंदवही ठेवावी व पुढच्या हंगामास ज्येष्ठतेप्रमाणे बोलवावे, असेही सांगितले. तेव्हा पट्टा पडण्याच्या वेळी आपले नाव त्या वहीत आहे ना, हे पाहून या. "सुपरवायझर" अशी पदवी देऊन कामगार कायद्याबाहेर ढकललेल्यांनीही निराश होऊ नये. न्यायालय पदवी पाहत नाही, हाताने कोणते काम होते ते पाहते.

शेवटी आलेला आधी जाईल, हा नियम न्यायाचा आहे. तथापि शेवटी कोण आले, हेही विचारले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांस प्रवेश नव्हता, कारण तेथे धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि बाटण्याची भीती होती. चांगल्या पगाराचे खाते बंद, म्हणून आमचे लोक कमी पगाराच्या खात्यात. अशा ठिकाणी उशिरा शिरलेला माणूस ज्येष्ठतेच्या यादीत खाली असतो आणि कपातीत पहिला निघतो. आज तोंडाने सूत कोणी ओढत नाही; परंतु वर्षानुवर्षे ठेकेदाराकडे ठेवून मग कायम केलेल्याची आधीची वर्षे यादीत धरली आहेत का? यादी मागा. कपातीपूर्वी ती फलकावर लावावी असा नियम महाराष्ट्रात जुना आहे. आपल्या खालच्या क्रमांकाचा माणूस कामावर राहिला आणि आपण निघालो, तर त्याचे लेखी कारण मालकाने द्यावयाचे असते.

आमच्या वडिलांच्या पिढीस नोटीस ही वस्तू माहीत नव्हती. गावकीच्या कामाला नेमणूक नव्हती, म्हणून कमी करणेही नव्हते; तेथे फक्त बांधलेपण होते. महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतने प्रत्यक्षात नाहीशी करणारा कायदा १९५८ चा. मधली तीस वर्षे ज्यांनी मेलेली ढोरे ओढण्याचे नाकारले, त्यांचे बलुते बंद झाले, त्यांस कोणी पंधरा दिवसांची भरपाई दिली नाही. १९३८ साली कामगारांच्या संपावर निर्बंध घालणारे विधेयक आले, तेव्हा संप करण्याचा हक्क हे स्वातंत्र्याचेच दुसरे नाव आहे असा युक्तिवाद बाबासाहेबांनी विधिमंडळात केला आणि ७ नोव्हेंबरच्या मुंबईच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष इतर कामगार पक्षांबरोबर उतरला. ज्या युनियनमध्ये आपली दखल घेतली जात नाही तिच्यापासून दूर राहावे, असे कित्येकांस वाटते. मला ते पटत नाही. वर्गणी भरा, सभेस जा, समितीवर उभे राहा. वीस किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असावीच लागते. तिच्यात स्त्री-कामगारांस त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. त्या जागा रिकाम्या का राहतात?

आता भगिनींस दोन शब्द. नोकरी गेल्याची बातमी घरात सर्वांत शेवटी आपणांस कळते. नवरा डबा घेऊन सकाळी निघतो आणि एस.टी. स्थानकावर दिवस काढून संध्याकाळी परततो, असेही होते. त्यास रागावू नका. परंतु हिशेब मात्र त्याच रात्री विचारा. कामगार पतसंस्थेचे कर्ज किती आहे आणि तो कोणाकोणास जामीन राहिला आहे, हे आधी पाहा. शेवटच्या रकमेतून ते परस्पर वळते होते, आणि जामीनदारही त्याच यादीत कमी झालेला असतो. आलेल्या रकमेतून थोरलीचे लग्न थाटात उरकून घेऊ, असा सल्ला देणारे नातेवाईक त्याच आठवड्यात येतात. त्यांस चहा द्या, रक्कम देऊ नका. मुकादमाची उचल तर घेऊच नका. उचल घेतली की टोळीबरोबर फडावर जावे लागते; मग कोपी, पहाटेची मोळी आणि मुलांची सहा महिने बुडालेली शाळा. त्या फडातून एकदा बाहेर पडलेले घर पुन्हा तेथे जाताना पाहणे फार कठीण जाते. महिना-दोन महिने कमी खाऊन, मिळेल ते काम करून काढावेत. पण पोरांचे नाव पटावरून कमी होऊ देऊ नये.

दाद मागण्याचा मार्ग थोडक्यात असा. कामावरून कमी केल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत राहिलेला पगार मिळाला पाहिजे. तोंडी काढले असेल तर दुसऱ्याच दिवशी "मी कामावर येण्यास तयार आहे, मला फाटकावर अडविण्यात आले" असे पत्र रजिस्टर टपालाने पाठवा आणि पोचपावती पेटीत ठेवा. नाही तर "कामगार स्वतःहून गैरहजर राहिला" असे मालक म्हणणार. धनादेश घेणे भागच असेल तर पावतीवर "हक्क राखून स्वीकारले" असे आपल्या अक्षरात लिहा व खाली तारीख घाला. तडजोडीचा कागद इंग्रजीत असेल तर तो वाचून दाखविल्याशिवाय अंगठा किंवा सही देऊ नका. त्यानंतर कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज; तेथे न मिटल्यास औद्योगिक न्यायाधिकरण. अर्ज स्वतःच्या नावानेही करता येतो, युनियन नसली म्हणून अडत नाही. मुदत दोन वर्षांची असली तरी दोन महिन्यांहून अधिक थांबू नका. साक्षीदार दुसऱ्या गावी कामाला जातात, ठेकेदार पाटी बदलतो, आणि ज्या मुकादमाने हजेरी घेतली त्यास आपले नाव आठवेनासे होते. सभा संपल्यावर ज्यांनी कागद बरोबर आणले आहेत त्यांनी थांबावे. सेवेचे दिवस आपण येथेच मोजू.